एका शिवीत अकरा दिवसांचं पाणी गेलं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागे तुमच्या पेपरात आमच्या भागातली बातमी होती, नगरसेवकाला शिवीगाळ, तरुणावर गुन्हा. त्या मीटिंगला मी होते, तिसऱ्या रांगेत, प्लास्टिकच्या खुर्चीवर. बातमीत खोटं काहीच नाही. मुलाने शिवी दिली, आईवरून दिली, माईक ओढला, सगळं खरं. पण मीटिंग कशासाठी होती ते शोधायला गेले तर शेवटच्या ओळीत "पाणीप्रश्नावरून" एवढा एकच शब्द सापडला. अहो अकरा दिवस नळाला पाणी नव्हतं. टँकरवाल्याचा रेट सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरा, लिफ्ट बंद म्हणून चौथ्या मजल्यावर बादल्या चढवतोय आणि ज्याच्यावर गुन्हा दाखल झाला त्या मुलाच्या घरात तीन महिन्यांचं बाळ आहे. हे बातमीत नाही. तुमच्या बातमीदाराचा दोष नाही म्हणा, शिवी ऐकली की कोणाचंही लक्ष तिकडेच जातं.

(शहराचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, आमच्याकडे कोण कुठला ते दोन मिनिटांत कळतं.)

त्या मीटिंगचा सव्वा तासाचा व्हिडिओ कोणाच्या तरी मोबाईलमध्ये आहे, फिरले त्यातले अठरा सेकंद. आधीचं सांगते. पहिली चाळीस मिनिटं साहेब ओपन जिमबद्दल बोलले. मग म्हणाले विचारा प्रश्न, पण मर्यादेत राहून. एक आजोबा उठले, पाणी कधी येणार, उत्तर आलं निवेदन द्या. एक बाई उठल्या, निवेदन द्या. मग हा मुलगा उठला, त्याच्या हातात चार निवेदनांच्या पोच होत्या, शिक्का मारलेल्या. मी माझ्या कानांनी ऐकलंय, तो तीनदा "साहेब तुम्ही फक्त तारीख सांगा" असं म्हणाला. तुम्ही म्हणाला, साहेब म्हणाला. त्यावर वरून काय आलं तर "ए, खाली बस, तू कुठल्या प्रभागातला, आधार कार्ड दाखव आधी."

आपल्या भाषेची ही गंमत आहे बघा, भांडण कुठे सुरू झालं ते तुम्ही आणि तू वरून अचूक कळतं. आपल्याकडे हात नंतर उचलला जातो, आधी अरे-तुरे होतं. आणि त्या दिवशी पहिलं तू खुर्चीकडून आलं, खालून नाही. पण ते कोणाला खटकलं नाही कारण नगरसेवकाने पोराला तू म्हणणं म्हणजे आपलेपणा आणि पोराने नगरसेवकाला तू म्हणणं म्हणजे उद्धटपणा, असं आपणच ठरवून टाकलंय ना. सभ्य हा शब्दच मुळात सभेवरून आलाय, सभेत बसायला लायक असेल तो सभ्य. मग ही परीक्षा फक्त खालच्या खुर्च्यांवर बसणाऱ्यांचीच का, स्टेजवरच्यांना सूट आहे का?

पुढचं तर ठरलेलंच. शिवी आली तसे साहेब उठले, अशा वातावरणात चर्चा होऊ शकत नाही म्हणाले आणि गाडीत बसून गेले. मला त्यांचा चेहरा दिसत होता. रागावलेला नव्हता हो, सुटलेला होता. दुसऱ्या दिवशी चौकात निषेधाचा फ्लेक्स, सोसायटीच्या ग्रुपवर दोन तट, एकाचं म्हणणं चांगला धडा शिकवला, दुसऱ्याचं म्हणणं संस्कार नाहीत, आणि चार दिवस त्या ग्रुपवर पाणी हा शब्द कोणी लिहिला नाही. मी मागे जाऊन सगळे मेसेज पाहिलेत. रिकामी माणसं काय, बसतो मोजत.

तर मुद्दा असा की लोकप्रतिनिधीशी सभ्यपणे बोलावं का. माझं उत्तर हो आहे. पण ते लोक जे कारण देतात ते मला मान्य नाही, पदाचा मान ठेवा वगैरे. पद आपण दिलंय, मान त्याने कमवायचा. माझं कारण साधं आहे, शिवी ही त्याला दिलेली भेट आहे. तोपर्यंत प्रश्न त्याच्या अंगावर होता, शिवीनंतर आपल्या अंगावर आला.

हे मला कळतं कारण मी छत्तीस वर्षं बँकेत काउंटरवर बसलेय. आम्ही शिव्या खाणारी माणसं. नोव्हेंबर २०१६ मध्ये पाचशे हजारच्या नोटा बंद झाल्या तेव्हा निर्णय दिल्लीत झालेला, आमच्या ब्रँचला कॅश येत नव्हती आणि रांगेतली माणसं ओरडत होती ती आमच्या कॅशियरवर, त्या पोरीला लग्नाला पंधरा दिवस राहिलेले, ती जेवायच्या सुट्टीत बाथरूममध्ये जाऊन रडायची. वड्याचं तेल वांग्यावर. पण खोटं कशाला बोलू, ओरडणाऱ्याचं काम आम्ही आधी करायचो. जाऊदे बाबा एकदाचा म्हणून. त्यामुळे ओरडून काही होत नाही असं जे कोणी म्हणतात त्यांनी कधी रांगेत उभं राहून पाहिलेलं नाही. होतं काम. त्याचं एकट्याचं होतं, त्या दिवसापुरतं होतं, आणि तो गेला की आम्ही पाठीमागे हसायचो. मॅनेजर मात्र घाबरायचा तो वेगळ्या माणसाला. एक निवृत्त मास्तर यायचे, आवाज कधी चढला नाही, तक्रार वही द्या म्हणायचे, लिहायचे, सही शिक्का घ्यायचे आणि बरोबर पंधराव्या दिवशी परत हजर, त्या नोंदीचं काय झालं. मास्तर दारात दिसले की केबिनमध्ये धावपळ व्हायची. नम्र माणूस परवडतो, चिकट माणूस परवडत नाही.

आता माझंही ऐका. नवव्या दिवशी मी आमच्या चावीवाल्यावर ओरडले, तुमच्याकडे काय म्हणतात माहीत नाही, पाण्याचा व्हॉल्व्ह सोडतो तो. कंत्राटी पोरगा, सायकलवर येतो. वाट्टेल ते बोलले त्याला, शिवी नाही दिली पण शिवीपेक्षा वाईट बोलले. तो म्हणाला मॅडम वरून टाकीच भरत नाहीये तर मी काय सोडू. घरी येऊन लाज वाटली, दुसऱ्या दिवशी चहाला बोलावलं तर आला नाही. बरोबर केलं त्याने.

राग खोटा नाही लोकांचा, तो कुठून आलाय तेही बघा ना. २०२२ च्या मार्चमध्ये मुंबई पुण्यासकट कितीतरी महापालिकांची मुदत संपली आणि निवडणूक झाली ती २०२६ च्या जानेवारीत. जवळजवळ चार वर्षं नगरसेवक हा प्राणीच नव्हता, प्रशासक होते, आणि प्रशासकाला मत मागायला यायचं नसतं. पुण्यात तर २०२१ च्या जूनअखेर तेवीस गावं हद्दीत घेतली, ग्रामपंचायती बरखास्त झाल्या म्हणजे सरपंच गेला आणि नगरसेवक यायच्या आत सभागृहाचीच मुदत संपली, मग साडेचार वर्षं त्या लोकांनी दार कोणाचं वाजवायचं? गावात निदान ग्रामसभा असते, वर्षाला चार घ्याव्याच लागतात, तिथे माणूस उभा राहून विचारू शकतो. शहरात ते पण नाही. क्षेत्रसभेचा, म्हणजे शहरातल्या ग्रामसभेचा, कायदा २००९ पासून कागदावर आहे, तुमच्यापैकी कोणी क्षेत्रसभेला जाऊन आलं असेल तर मला जरूर कळवा. आणि आता नगरसेवक आले तर एका प्रभागात चार, अ ब क ड, पाणी विचारलं की अ म्हणतो क कडे आहे आणि क ची सीट महिला राखीव म्हणून ताईंना विचारायला जावं तर उत्तर द्यायला ताईंचे मिस्टर बसलेले. अशा वेळी शांत डोक्याचा माणूस पण तापतो.

बरं आपल्याला संयम शिकवणारे स्वतः काय करतात. २०१७ साली रवींद्र गायकवाड नावाच्या खासदारांनी एअर इंडियाच्या अधिकाऱ्याला चपलेने मारलं आणि पंचवीस वेळा मारलं असं कॅमेऱ्यासमोर स्वतःच सांगितलं. २०१९ च्या जुलैमध्ये कणकवलीला हायवेच्या खड्ड्यांवरून नितेश राणेंनी उपअभियंत्याच्या अंगावर चिखलाच्या बादल्या ओतवल्या, अटक झाली, पुढे ते मंत्रीही झाले. २०२५ च्या जुलैत बुलढाण्याचे आमदार संजय गायकवाडांनी आमदार निवासाच्या कॅन्टीनमध्ये डाळ शिळी म्हणून कर्मचाऱ्याला ठोसे मारले, त्याच महिन्यात विधानभवनाच्या आवारात दोन आमदारांच्या कार्यकर्त्यांची हाणामारी झाली. आमदाराने केलं की आक्रमक नेतृत्व, जनतेचा आवाज. तेच आमच्या सोसायटीतल्या पोराने केलं की थेट गुन्हा. सरकारी कामात अडथळ्याचं जुनं ३५३ कलम, महाराष्ट्रात त्याची शिक्षा मध्ये दोनाची पाच वर्षं केली होती, आता नव्या कायद्यात १३२ नंबर आलाय. त्या पोराला तेच लावलंय का दुसरं काही ते मला अजून कळलं नाही, पण आमदाराच्या मागे वकिलांची फौज असते आणि या पोराचं पुढच्या महिन्यात नव्या नोकरीचं पोलीस व्हेरिफिकेशन आहे. म्हणून मी घरातल्या तरुण मुलांना सांगते, बाबांनो तुम्हाला शिवी परवडत नाही, त्यांना परवडते.

आणि शाई चपला फेकून निघतं काय? डिसेंबर २०२२ मध्ये पिंपरी चिंचवडला चंद्रकांत पाटलांवर शाई फेकली. ते फुले, आंबेडकर आणि कर्मवीरांनी भीक मागून शाळा चालवल्या असं बोलले होते आणि लोकांना राग येणं स्वाभाविक होतं, मलाही आला. पण शाई पडली आणि चर्चा सगळी शाईची. फेकणाऱ्यांवर आधी खुनाच्या प्रयत्नाचं कलम लावलं, ते अतीच होतं हे मी म्हणणारच, आणि बंदोबस्तावरचे पोलीस निलंबित झाले. म्हणजे मार बसला तो हवालदाराला. परत तेच, वांगं.

ज्यांच्यासाठी शाई फेकली त्या जोतीरावांनी काय केलं होतं ते आठवा. १८८८ मध्ये पुण्यात राणी व्हिक्टोरियाच्या मुलासाठी, ड्यूक ऑफ कनॉटसाठी मेजवानी होती, सगळे दागिने घालून, शालजोड्या पांघरून बसलेले आणि जोतीराव गेले ते शेतकऱ्याच्या फाटक्या कपड्यात, खांद्यावर घोंगडी. उभं राहून सांगितलं की या नटलेल्या लोकांवरून देश ओळखू नका, खरा देश खेड्यात आहे, त्यांच्या शिक्षणाचं बघा, राणीला जाऊन सांगा. एक वाकडा शब्द नाही आणि तरी त्या पंगतीत किती जणांचा घास अडकला असेल विचार करा. पुणे म्युनिसिपालटीत मेंबर असताना व्हाइसरॉयच्या स्वागतावर पैसे उधळायला विरोध करणारे पण तेच, एकटे. याला मी सभ्यपणा म्हणते. समोरच्याला बरं वाटावं ही अट त्यात कुठेच नाही.

किंवा मृणाल गोरे घ्या, पाणीवाली बाई. गोरेगावच्या पाण्यासाठी बायका घेऊन रिकामे हंडे वाजवत जायच्या, १९७२ ला महागाईविरुद्ध लाटणी घेऊन बायका रस्त्यावर आणल्या, घेराव घालायच्या तो उठूच द्यायच्या नाहीत. आजच्या भाषेत कोणी हे सभ्य म्हणणार नाही. गोंधळी बाया म्हणतील. पण त्या हंड्याचा आवाज ऐकून कोणाला विषय बदलता यायचा नाही, कारण विषयच हातात घेऊन गेलेल्या असायच्या. १९७७ ला पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात अशी घोषणा लोकांनी दिली ती उगाच नाही, दिल्लीवाली बाई म्हणजे इंदिरा गांधी.

म्हणून २०२५ ला लातूरमध्ये झालं ते मला जास्त लागलं. तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे सभागृहात मोबाईलवर रमी खेळतात असा व्हिडिओ आला होता, त्यांनी नाही म्हटलं, खेळत नव्हतो म्हणाले, असो. छावा संघटनेच्या कार्यकर्त्यांनी लातूरला कोकाट्यांच्याच पक्षाच्या, राष्ट्रवादीच्या, सुनील तटकरेंच्या पत्रकार परिषदेत निवेदन दिलं आणि टेबलावर पत्ते टाकले. पत्ते! बावन्न कागद. यापेक्षा नेमका आणि यापेक्षा निरुपद्रवी निषेध मला तरी सुचणार नाही. आणि त्यांना काय मिळालं तर मारहाण, पक्षाच्या युवक प्रदेशाध्यक्षाकडून, त्याला पद सोडावं लागलं आणि पुढे मंत्र्यांचं खातं बदललं. हेच जर त्या पोरांनी खुर्च्या फेकल्या असत्या तर पद कोणाचंच गेलं नसतं, फक्त त्यांच्यावर केसेस पडल्या असत्या, असं मला वाटतं.

पण थांबा, मला एक गोष्ट अजून सुटत नाहीये आणि ती लिहिली नाही तर पत्र अर्धं राहील. २०१८ च्या मार्चचा नाशिक ते मुंबई शेतकऱ्यांचा मोर्चा. सहा दिवस पायी, पायाला फोड, आणि शेवटच्या रात्री सायनच्या सोमय्या मैदानावरून रात्रीच उठून आझाद मैदानाला चालत गेले, का, तर सकाळी दहावीच्या मुलांचा पेपर होता, ट्रॅफिक नको. सगळी मुंबई पाघळली, लोकांनी चपला आणून दिल्या, पाणी दिलं, मी टीव्हीसमोर बसून रडले. सरकारने मागण्या मान्य केल्या, लेखी दिलं. आणि २०१९ च्या फेब्रुवारीत तीच माणसं परत निघाली कारण दिलेलं पूर्ण झालं नव्हतं, २०२३ ला परत निघाली, वासिंदला थांबली. म्हणजे एवढ्या सभ्यपणाचं फळ काय? कौतुक. आपण शहरवाले फार खूश झालो, किती शिस्तीचे शेतकरी, आणि दुसऱ्या दिवशी विसरलो. मराठा समाजाचे ते अठ्ठावन्न मूक मोर्चे, एक घोषणा नाही, मागे रस्ते झाडून जायचे, त्यांच्याही वाट्याला आधी कौतुकच आलं. आणि मग ऑक्टोबर २०२३ मध्ये बीडला आमदारांची घरं जळाली तर तेच कौतुक करणारे विचारायला लागले की यांना अचानक झालं काय. जाळपोळीचं समर्थन मी करत नाही, घरात बायकापोरं असतात. पण शांत माणसाला जे राज्य वर्षानुवर्षं नुसती शाबासकी देतं ते हळूहळू लोकांना काय शिकवतंय हे त्याच्या डोक्यात का येत नाही. त्यामुळे तुमच्या अग्रलेखात "नागरिकांनी संयम बाळगावा" असं येतं तेव्हा माझं डोकं फिरतं. अर्धा सल्ला आहे तो. उरलेला अर्धा तुम्ही त्यांना कधी देणार?

आम्ही दुसरी मीटिंग घेतली. पाणी चौदाव्या दिवशी आपोआप आलं होतं, कोणी आणलं ते कळलं नाही, फ्लेक्स मात्र दोघांनी लावले. या वेळी आम्ही चौघी बायकांनी आधी ठरवलं की साहेबांना स्टेज द्यायचं नाही, सगळ्यांना एकसारख्या खुर्च्या, गोल करून. शाळेतला पांढरा बोर्ड आणला. आणि एकच प्रश्न, जोपर्यंत तारीख येत नाही तोपर्यंत दुसरा कोणीही दुसरा प्रश्न विचारायचा नाही, गटार नाही कुत्री नाही पार्किंग नाही. साहेब म्हणाले टाकीचं काम प्रगतिपथावर आहे. आमच्या शेजारच्या ताई म्हणाल्या, तारीख? ते म्हणाले अधिकाऱ्यांशी बोलतो. दुसऱ्या ताई म्हणाल्या, तारीख? ते म्हणाले निधीचा विषय आहे. मी म्हणाले साहेब, निधीचीच सांगा, तारीख? अकराव्या वेळी ते चिडले, मला वाटलं आता परत ए येणार, आलंच जवळजवळ, पण समोर सगळ्या साठीच्या बायका आणि पाच मोबाईल चालू, गिळलं त्यांनी. मग तीन तारखा सांगितल्या, आम्ही बोर्डावर लिहिल्या, खाली त्यांची सही मागितली. बोर्डावर सही करणारा जगातला पहिला नगरसेवक असेल कदाचित. फोटो काढून ग्रुपवर टाकला. त्याशिवाय जिल्ह्याला महिन्याच्या पहिल्या सोमवारी तक्रारी ऐकायचा लोकशाही दिन असतो, पंधरा दिवस आधी ठरलेल्या नमुन्यात अर्ज द्यावा लागतो, तो पण दिलाय आणि माहिती अधिकारात टाकीच्या वर्कऑर्डरची कॉपी मागितलीय, तीस दिवस मोजतेय. बँकेतले मास्तर आठवतात.

तीन तारखांपैकी पहिली तारीख गेल्या गुरुवारी होऊन गेली. पंप बसलेला नाही. मी फोन केला तर उचलला नाही, मेसेजला दोन निळ्या टिक आहेत.

पुढची मीटिंग रविवारी आहे. तो मुलगा काल जिन्यात भेटला, बाळाला घेऊन उभा होता, विचारत होता काकू मी आलो तर चालेल का. ग्रुपवर काही जणांचं म्हणणं त्याला नकोच, परत नाव खराब होईल. मी त्याला ये म्हणाले. चावीवाल्यालाही बोलावलंय, टाकीत किती फूट पाणी असतं ते त्याच्याइतकं कोणालाच माहीत नाही. येतो का बघू.

तुमचा बातमीदार पाठवलात तर बरं होईल. शिवी होईलच असं नाही, पण चहा आहे.

आपली जुनी वाचक
(कृपया नाव छापू नये)